हजार प्रती: सोलापुरातल्या एका चित्रपुस्तिकाकाराचं प्रकरण

२०२१ च्या सप्टेंबरात एका रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही दोघांनी उरलेल्या प्रती मोजल्या. ५८८ भरल्या. छापल्या होत्या १०००. ज्यानं त्या लिहिल्या, काढल्या आणि स्वतःच्या पैशानं छापून घेतल्या, तो मोजून झाल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. गठ्ठ्यांवर बसलेली कापसाची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसत राहिला. मग म्हणाला, "काकू, आता कुठल्यातरी शाळेत चित्रकलेची नोकरी बघतो. बास झालं हे."

हे प्रकरण मी लिहितेय त्याला दोन कारणं आहेत. अलीकडे माझ्या दुकानात अशी मुलं-मुली येतात, ज्यांनी घरी बसून चित्रकथा काढलेली असते आणि ती छोट्या पुस्तिकेच्या रूपात स्वतःच काढायची असते. त्यांना चित्र शिकवणारे भेटतात, हिशेब शिकवणारं कोणी भेटत नाही. दुसरं कारण मला जास्त जड जातं: त्या हजार प्रती छापायचा सल्ला माझा होता.

माझं दुकान झेरॉक्स, डीटीपी आणि छोट्या बाइंडिंगचं. तो पहिल्यांदा आला तेव्हा बारावीत होता; आता तिशीच्या उंबरठ्यावर आहे. लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घालत नाही. आकडे त्याच्या वहीतले आणि माझ्या बिलबुकातले आहेत.

एका कागदाचं पुस्तक

२०१५ च्या पावसाळ्यात तो एक ए-फोर कागद घेऊन आला आणि ४० झेरॉक्स मागितल्या. कागदावर आठ चौकटी होत्या, वरच्या चार उलट्या. मला वाटलं मुलानं गोंधळ घातलाय. "अरे, वरची ओळ उलटी आलीय," मी म्हटलं. त्यानं पहिली प्रत उचलली, आठ भाग पडतील अशा घड्या घातल्या, मधल्या घडीवर कात्रीनं एक चीर दिली आणि दोन्ही बाजूंनी आत ढकलली. माझ्या काउंटरवर तळहाताएवढं आठ पानांचं पुस्तक उभं राहिलं. पिन नाही, गोंद नाही, आणि छपाई कागदाच्या एकाच बाजूला. एक रुपयाचा कागद. तो ते दहा रुपयांना विकत होता.

पुस्तकात शब्द नव्हते. एक बाई विड्या वळते आहे, तेंदूचं पान कापते, तंबाखू भरते, दोरा बांधते. पानागणिक सुपातला ढीग वाढत जातो आणि बाई लहान होत जाते. शेवटच्या पानावर सूप भरलेलं आहे आणि बाई दोऱ्याच्या रिळाएवढी. मी हे दोनदा उलटून पाहिलं आणि माझ्यासाठी एक प्रत विकत घेतली.

त्याचं घर सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, गल्लीत दखनी. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही की एका चाळीत चार भाषा असतात आणि त्यातल्या दोन लिहिता-वाचता येत नाहीत अशीही माणसं असतात. त्याच्या आईला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. "अम्माला कळलं पाहिजे" म्हणून त्यानं शब्द काढून टाकले. पुढं कोणीतरी त्याला शि. द. फडणीसांची चित्रं दाखवली तेव्हा तो थक्क झाला. शब्दांशिवाय हसवणारी ती चित्रं त्यानं लहानपणी पाहिली होती, आपल्या सगळ्यांसारखीच, गणिताच्या पाठ्यपुस्तकात. फक्त चित्रकाराचं नाव ठाऊक नव्हतं.

२०१५ ते २०१९ या काळात त्यानं सहा पुस्तिका काढल्या. सर्वांत कमी खपलेली ४० प्रती, सर्वांत जास्त १२०. मधल्या काळात ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, केलं. झेरॉक्सवर चित्र कसं काढायचं हे तो माझ्या मशीनसमोर शिकला. पेन्सिलीच्या आणि पाण्याच्या करड्या छटा मशीन खाऊन टाकतं किंवा त्यांचा चिखल करतं. म्हणून त्यानं छटा सोडल्या आणि रेघांची जाळी घेतली. जुन्या मशीनवर मोठा भरीव काळा भाग मध्ये फिकट पडायचा, म्हणून रात्रीचं आकाशसुद्धा तो बारीक रेघांनी विणू लागला. मशीन कडेपर्यंत छापत नाही, चार-पाच मिलिमीटर पांढरी सुटतेच. ती पांढरी कड त्यानं चौकटीचा भाग केली. मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत, आणि घडीच्या आतली पानं बाहेर डोकावतात म्हणून आतल्या पानांवर कडेची जागा जास्त सोडायची, हेही. त्याची आजची रेघ मला या मशीनच्या मर्यादांतून आलेली वाटते, आणि ती मला फार आवडते.

तिसऱ्या पुस्तिकेला त्यानं जेकार्डचे टाकाऊ पुठ्ठे आणले. सोलापुरी चादरीची नक्षी ज्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून मागात उतरते, ते हे पुठ्ठे. त्यांची पट्टी पुस्तिकेभोवती गुंडाळली. भोकांतून मुखपृष्ठावरच्या माणसाचे फक्त डोळे दिसायचे. ती पुस्तिका आठ दिवसांत संपली.

एका गोष्टीवर मी हट्ट धरला. तेव्हा १८६७ चा प्रेस आणि पुस्तक नोंदणी कायदा लागू होता आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नि प्रकाशकाचं नाव-ठिकाण घालणं बंधनकारक होतं. पहिल्या दोन पुस्तिकांवर त्यानं ते घातलं नव्हतं. "माझ्या मशीनवरून निघतंय तर माझं नाव पाहिजे," म्हटल्यावर त्याला वाटलं मी जाहिरात मागतेय. तो कायदा १ मार्च २०२४ पासून गेला. त्याजागी आलेला २०२३ चा कायदा फक्त नियतकालिकांपुरता आहे. तरी नाव आम्ही अजून घालतो.

हजाराचा निर्णय

२०१९ च्या दिवाळीआधी त्याच्याकडे ३२ पानांची एक कथा तयार होती, ए-फाइव्ह आकाराची, मराठी संवाद असलेली. गिरणी बंद पडल्यावर जेकार्डच्या खात्यातला एक माणूस घरी परत येतो आणि त्याच्या डोळ्यांना सगळीकडे नक्षी दिसू लागते. जुन्या गिरणीचं धुराडं, लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगा, संपाचे दिवस, सगळं त्यात होतं. एका पानाला सरासरी नऊ तास लागले होते. माझ्या मते ते त्याचं आजवरचं सर्वांत चांगलं काम आहे, आणि त्याच कामानं त्याला बुडवलं.

माझ्या मशीनवर १०० प्रती काढायच्या तर एक प्रत ३१ रुपयांना पडत होती: सोळा छापील बाजूंचे सोळा, रंगीत मुखपृष्ठाचे दहा, पिन-कटिंग आणि नासधूस मिळून पाच. ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यात प्लेटा बनवून, १००० प्रतींचा भाव मी एका ओळखीच्या प्रेसमधून काढला. प्लेटा, कागद, दोन फॉर्म, चार रंगी मुखपृष्ठ, बाइंडिंग, सगळे मिळून १९,४००. म्हणजे प्रत १९ रुपये ४० पैसे.

"अरे, एकतीसचं एकोणीसला पडतंय. किंमत साठ ठेव. दुकानदाराला चाळीस टक्के देऊनही छत्तीस हातात येतात," मी म्हटलं.

"काकू, हजार मारू की मग?"

"मार."

एवढंच बोलणं झालं. मी तीस वर्षं या धंद्यात आहे. लग्नपत्रिकेच्या गिऱ्हाइकाला मी न चुकता विचारते, 'माणसं किती बोलावणार?' त्याला मी हा प्रश्न विचारला नाही. त्याच्या सर्वांत जास्त खपलेल्या पुस्तिकेच्या १२० प्रती गेल्या होत्या, हे माझ्याच बिलबुकात लिहिलेलं होतं.

त्याच्याही डोक्यात हजार होतेच. अमेरिकेत स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा इतिहास त्यानं वाचला होता. निंजा टर्टल्सचा पहिला अंक १९८४ मध्ये दोघा मित्रांनी स्वतःच छापला, तीन हजारांच्या आसपास प्रती, आणि पुढं काय झालं ते आपल्या मुलांच्या दप्तरांवर दिसतं. त्या दोघांपैकी पीटर लेर्ड यांनी त्या पैशातून १९९२ मध्ये झेरिक फाउंडेशन काढलं आणि स्वतःचं कॉमिक स्वतः छापणाऱ्यांना २०१२ पर्यंत अनुदान दिलं. मेरीलँडमधल्या स्मॉल प्रेस एक्स्पो या छोट्या प्रकाशकांच्या मेळाव्यात इग्नात्झ पुरस्कार देतात, त्यात मिनी-कॉमिकला वेगळा पुरस्कार आहे. हे सगळं खरं आहे. पण या गोष्टीतला एक तुकडा त्यानंही पाहिला नव्हता आणि मलाही कुठून माहीत असणार. तिथं त्या काळी कॉमिक्सची स्वतंत्र दुकानं होती आणि ती माल परत न करण्याच्या बोलीवर, पक्का विकत घेत. म्हणजे छापणाऱ्याला किती छापायचं ते मागणी आल्यावर कळायचं. आपल्याकडं पुस्तक दुकानात 'ठेवायला' देतात. विकलं तर पैसे, तेही दुकानदाराला वेळ होईल तेव्हा. तीन हजारांचा आकडा आपण उचलला. त्याच्या पाठीमागची पक्की खरेदी तिथंच राहिली.

आणि अनुदानाच्या जागी आपल्याकडं बचत गट होता. त्याच्या आईनं गटातून १५,००० उचलले, महिना दोन टक्क्यांनी. उरलेले त्यानं लग्नात लोकांची अर्कचित्रं काढून जमवले होते.

गड्डा आणि त्यानंतर

प्रती नोव्हेंबर २०१९ च्या शेवटी आल्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतला होता. तो आपल्याकडं फुकट मिळतो, पण त्यानं खप वाढत नाही. सात दुकानांना २४० प्रती दिल्या, पुणे, मुंबई, कोल्हापूर. ३८ प्रती भेट आणि परीक्षणासाठी गेल्या. ६० जणांनी थेट त्याच्याकडून पोस्टानं मागवल्या.

जानेवारीत गड्डा आला. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते: संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वजांची मिरवणूक, ६८ लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, आणि होम मैदानावर पाळणे नि दुकानांची गर्दी. त्याच्या मामाची तिथं खेळण्यांची पाल असते. पालीच्या कडेला एका फळीवर त्यानं नवं पुस्तक मांडलं. बाजूला जागा होती म्हणून जुन्या एका-कागदी पुस्तिकाही ठेवल्या.

साठ रुपयांचं पुस्तक ७४ जणांनी घेतलं. दहा रुपयांच्या बिनशब्दांच्या पुस्तिका ३०० गेल्या, आणि दोनदा माझ्याकडून जादा झेरॉक्स न्याव्या लागल्या. मी एका संध्याकाळी तिथं उभी होते. अक्कलकोटकडची एक कन्नड बोलणारी आजी विडीवाल्या बाईचं पुस्तक उलट-सुलट करत होती. नातवानं विचारलं काय लिहिलंय; ती म्हणाली, काही लिहिलेलं नाही, पण मला वाचता येतंय. तिनं तीन घेतल्या.

त्या वेळी आम्हाला हे नुसतं गोड वाटलं. वहीत तो आकडा लिहिलासुद्धा नव्हता, नंतर आठवून घातला. कोणाला काय हवंय हे इतकं उघड समोर आलं होतं आणि आम्ही मोठ्या पुस्तकाचे गठ्ठे घरी नेण्याच्या चिंतेत होतो.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. दुकानं बंद. पुढच्या जानेवारीत गड्ड्यावर पालीच लागल्या नाहीत. सात दुकानांपैकी दोघांनी मिळून ६१ प्रतींचे पैसे दिले. एका दुकानानं फोन उचलणं बंद केलं. या मुलाकडं पावतीच नव्हती, नुसता विश्वास होता. घरात पत्र्याखाली गठ्ठे, उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीसची धग, पावसाळ्यात पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग. शेजारच्या मागाची धूळ बारा महिने.

मोजणीच्या रविवारी केलेला हिशेब

गड्ड्यावरच्या ७४ चे ४,४४०. पोस्टानं गेलेल्या ६० चे ३,६०० (टपालखर्च घेणाऱ्यानं वेगळा दिला). दुकानांकडून ६१ चे, प्रती ३६ प्रमाणे, २,१९६. एकूण आले १०,२३६. छपाईला गेले १९,४००. खोट ९,१६४. बावीस महिन्यांचं व्याज, महिना ३०० प्रमाणे, ६,६०० धरलं की १५,७६४.

मग मी एक आकडा मांडला जो २०१९ मध्ये मांडायला हवा होता. खरोखर पैसे देऊन किती प्रती गेल्या? ७४, ६० आणि ६१. म्हणजे १९५. आम्ही माझ्याच मशीनवर, ३१ रुपयांच्या 'महाग' भावानं, २०० प्रती काढल्या असत्या तर खर्च ६,२०० झाला असता. आवक तीच, १०,२३६. वर ४,०३६ उरले असते. कर्ज नाही, व्याज नाही, पत्र्याखाली गठ्ठे नाहीत. पैसे देणारे वाचक तेवढेच, विक्री तेवढीच, पुस्तक तेच.

प्रतीमागचा खर्च हा छापणाऱ्याच्या सोयीचा आकडा आहे. प्लेट एकदा बनते, म्हणून जितकं जास्त छापाल तितकी ती स्वस्त दिसते. पण छापून घेणारा प्रतीमागे पैसे देत नाही, बिलावर देतो. १९,४०० रुपये पहिल्या दिवशी गेले आणि १९ रुपये ४० पैसे हा भाव हजारावी प्रत विकली जाईल त्या दिवशी खरा होणार होता. तो दिवस आला नाही. मी त्याला एकतीसची एकोणीसशी तुलना करून दाखवली. करायला हवी होती ६,२०० ची १९,४०० शी.

हे बोलणं चालू असताना त्याची आई आली होती. डबा द्यायला आली आणि बाकावर बसून ऐकत राहिली. तिला आकडे तोंडपाठ कळतात. विड्यांचा हिशेब हजारावर असतो आणि तो करण्यात तिची हयात गेली आहे. तिनं गठ्ठ्यांकडं बघितलं आणि मला विचारलं, "बाई, माझ्या हजार विड्यांचे पैसे ठरलेत. यानं हजार पुस्तकं केली. एका पुस्तकाला किती वेळ लागला, त्याचे किती धरले?"

धरलेच नव्हते. ना त्यानं, ना मी. मी कागद, शाई, पिन, कटिंग, सगळं लावलं होतं. ज्या हातानं ३२ पानं काढली त्या हाताचा रकाना वहीत नव्हता. नऊ तासांप्रमाणे २८८ तास झाले. आम्ही सर्वांत शहाणपणाचा निर्णय घेतला असता आणि ४,०३६ उरले असते, तरी तासाला १४ रुपये पडले असते.

तो खाली मान घालून म्हणाला, "अम्मा, हे कलेचं असतं."

तिनं त्याला तेलुगूत काहीतरी उत्तर दिलं. मी अर्थ विचारला तेव्हा त्यानं सांगितलं: वेळ कलेचा असला तरी जातो.

पुढची चार वर्षं

त्यानं ११ महिने काहीच काढलं नाही. हा काळ मी थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. एका खासगी शाळेत हंगामी शिक्षक, मग ती नोकरीही गेली. दिवाळी अंकांना व्यंगचित्रं पाठवली. दोन छापून आली, एकाचं मानधन पुढच्या दिवाळीला आलं. दिवाळी अंक हा मराठी व्यंगचित्रकाराचा जुना आधार आहे, मान आहे त्यात, पण त्यावर महिन्याचा किराणा भरत नाही.

कर्ज फिटलं ते टॉवेलच्या नक्षीवर. जेकार्डचे पुठ्ठे आणताना ज्या कारखान्यात ओळख झाली होती, तिथं त्याला टॉवेलसाठी चित्रं करायला बोलावलं. लहान चौकोनांच्या कागदावर एकेक चौकोन भरत नक्षी उतरवायची असते. झेरॉक्सच्या मर्यादेत शिकलेला माणूस इथं पटकन रुळला. मार्च २०२३ मध्ये गटाचा शेवटचा हप्ता गेला.

या कामात एक गाठ आहे, ती अशा मुलांना माहीत असावी. काढलेल्या चित्रावर हक्क आपोआप आपला होतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मात्र तेच चित्र वस्तूवरची नक्षी म्हणून दिलं आणि डिझाइन कायद्याखाली नोंदवलं नाही, तर तुमच्या परवानगीनं यंत्रावर ५० हून जास्त नग निघाले की कॉपीराइट कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे त्या नक्षीवरचा हक्क संपतो. टॉवेलचे ५० नग म्हणजे काहीच नव्हे. म्हणून पुस्तिकेतली माणसं तो नक्षीला देत नाही. नक्षीसाठी वेगळी चित्रं, आणि पैसे आधी, एकरकमी.

पुस्तिकांकडं तो परतला त्याचं कारण पोस्टकार्ड. ज्या ६० जणांनी थेट पुस्तक मागवलं होतं त्यांच्यापैकी बार्शीच्या एका निवृत्त शिक्षकांनी दोन ओळी लिहिल्या: पुढचं कधी, पैसे आधी पाठवू का. त्यानं ते कार्ड माझ्या काउंटरवर ठेवलं. मी म्हटलं, "यांना हो म्हण. आणि बाकीच्या एकोणसाठांना विचार."

ही काही नवी युक्ती नाही. वर्गणी हा मराठी मासिकांचा फार जुना रस्ता आहे. पन्नाशीच्या दशकात 'शब्द'सारखी अनियतकालिकं सायक्लोस्टाइलवर निघाली; छापखान्याची वाट न बघता, मोजक्या माणसांसाठी, हाताशी असलेल्या यंत्रावर काढायची. मला त्याची पुस्तिका अमेरिकेतल्या मिनी-कॉमिकपेक्षा या घराण्यातली वाटते. त्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, "काकू, दोन्ही घरचा म्हणा."

आता त्याची पद्धत अशी आहे. वर्षाला चार पुस्तिका, ए-सिक्स आकार, १६ पानं, म्हणजे दोन ए-फोर कागद पाठपोट. बहुतेक बिनशब्दांच्या. वर्गणी २०० रुपये, आगाऊ. प्रती वर्गणीदारांच्या संख्येइतक्या आणि वर वीस. दोन पुस्तिका एका पाकिटात, वर्षातून दोनदा. एक पुस्तिका १४ ग्रॅमची, पाकिटासह दोन मिळून ४० ग्रॅमच्या आत बसतात. साध्या टपालाला २० ग्रॅमला पाच रुपये, म्हणजे दहाचं तिकीट. मुखपृष्ठाचा पुठ्ठा मी जाड सुचवला होता. त्यानं तराजूवर ठेवला आणि परत दिला.

एका वर्गणीदाराचा हिशेब: चार पुस्तिका बनवायला ४८, टपाल २०, पाकिटं ६. उरतात १२६. पहिल्या वर्षी ८३ वर्गणीदार होते, आता १४० आहेत. १४० चे १७,६४०. चार पुस्तिकांची ६४ पानं, लहान आकार, पानाला चार तास, २५६ तास. तासाला ६९ रुपये. नक्षीच्या कामात याहून बरेच जास्त मिळतात, हे मी लपवत नाही. २०२४-२५ च्या वहीत त्याच्या शंभर रुपयांतले ४६ नक्षीचे, २७ शाळांतल्या चित्रकथा शिबिरांचे, १५ दिवाळी अंक आणि किरकोळ चित्रांचे, आणि १२ पुस्तिकांचे आहेत.

यावर लोक म्हणतात, मग पुस्तिका म्हणजे त्याचं व्हिजिटिंग कार्ड. मला हे पटत नाही. शिबिराला बोलावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात त्याची पुस्तिका होती हे खरं. पण कार्ड कोणी बार्शीहून पैसे पाठवून मागवत नाही. ते बारा रुपये बाकीच्या अठ्ठ्याऐंशींच्या मुळाशी आहेत, आणि ते शून्य होते तेव्हाही तो काढत होता. माझी काळजी फक्त एवढी, की ते काढताना त्याच्या घरावर कर्ज नसावं.

जुन्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींचं काय करायचं हा प्रश्न बरेच दिवस राहिला. दुकानांतून १३० मळलेल्या परत आल्या, त्याही त्यातच. त्यानं विचारलं होतं, यातली चांगली पानं सुटी काढून वेगळी पुस्तिका होईल का. होत नाही. मधोमध पिन मारलेल्या पुस्तकात पहिल्या पानाच्या कागदावर शेवटचं पान असतं. एक काढलं की दुसरं जातं. शेवटी डागाळलेल्या रद्दीत घातल्या आणि बऱ्या प्रतींचे पाच-पाचचे संच केले, शाळांच्या वाचनालयांसाठी, १५० रुपयांना. पुस्तकांचं स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा हेही थांबलं होतं. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. पुस्तक ५१ ग्रॅमचं. पाच प्रती आणि वरचा कागद ३०० च्या आत येतात. पुस्तकावर छापलेलं मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव बघूनच ते घेतात, तेव्हा माझा जुना हट्ट उपयोगी पडला. ९६ प्रती राहिल्या आहेत.

वहीत आता दोन रकाने वाढलेत. एकावर 'हात' असं लिहिलंय, त्यात तास. दुसऱ्यावर 'घडी-पिन: अम्मा', प्रतीला एक रुपया; तो एका पुस्तिकेच्या बारा रुपयांच्या खर्चात धरलेला आहे. पानाची घडी तिच्याइतकी सरळ माझ्या दुकानात कोणाला घालता येत नाही. विड्यांसारखीच ती पुस्तिकांची पंचवीस-पंचवीसची बंडलं बांधते, दोऱ्यानं. गेल्या गुरुवारी नव्या अंकाच्या १६० प्रती तिच्याकडून आल्या, सहा बंडलं आणि वर दहा. त्यातल्या चारांना तिनं वेगळा दोरा बांधला होता. पिन तिरकी बसली होती, म्हणून नापास. त्या चार मी पुन्हा छापून दिल्या.